पांढऱ्या ओकापासून

चर्चच्या तळघराची किल्ली माझ्याकडे असते.
मंगळवार, शुक्रवार, दहा ते दोन.
खाली ओल धरते,
म्हणून कपाटात तांदळाच्या पुरचुंड्या ठेवल्यात,
मिठाच्या बरणीवरून सुचलं.

मार्चमध्ये ऑर्विल क्रॅबट्री आले, ओहायोहून एकटे गाडी हाकत,
वय एक्क्याऐंशी, कानात यंत्र.
म्हणाले, आमचं घराणं मूळचं इंग्लंडातलं, सरदारांचं.
मी म्हटलं, बसा.

फिलाडेल्फियाच्या बंदरातली जहाजाची यादी, तिची नक्कल:
योहान क्रेबाउम, नावापुढे फुली.
त्या काळचे अंगठेबहाद्दर फुलीवर भागवत.
मग हे व्हर्जिनियाचं खोरं, आणि आमची नोंदवही,
सतराशे बावन्न: योहान, बायको आपोलोनिया,
मूल मार्गारेटा, साक्षीला शेजारचा कोष्टी.
पाद्री जर्मन. अक्षर इतकं बारीक
की कागद त्याच्या पगारातून कापत असावेत.
कचेरीतला कारकून मात्र इंग्रज,
त्याच्या कानाला ऐकू आलं: क्रेबम.
पुढच्या कारकुनाला: क्रॅबम.
आणि थोरला मुलगा कॅरोलिनाला गेला, तिथल्या खरेदीखतात
एकाएकी क्रॅबट्री.
बाउम म्हणजे झाडच, मी म्हणालो, एवढं तरी शाबूत राहिलं.
ऑर्विल हसले नाहीत. चष्मा पुसत राहिले.
सरदारकी जायला थोडा वेळ लागतो.

मग पानावर बोट ठेवून विचारलं,
हे डाग कसले, मार्गारेटाच्या नावाखाली?
ओल, मी म्हणालो.

ओल नव्हती ती.

मे महिन्यात, शुक्रवारी, ऑडेला व्हिटफील्ड आल्या.
रोआनोकला एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
जिना उतरताना कठडा धरला नाही.
त्यांनीही तीच वही मागितली, तेच पान.
फक्त मागची बाजू.

"जुडा, क्रेबाउमकडची. तिचा मुलगा आयझॅक.
बाप"
आणि पुढे कोरी जागा, दोन बोटं रुंद.
साक्षीला आपोलोनिया.

त्याच हाताने, पण शाई दाट, टोक दाबून लिहिलेलं.
कागद पातळ. अडीचशेहून जास्त वर्षं
आयझॅक उलट्या अक्षरांत
मार्गारेटाच्या खालून वर येतो आहे.
मला हे माहीत होतं. मार्चमध्येही.

योहान मेल्यावरची मालमत्तेची यादीही त्यांनी मागितली:
एक तांबूस घोडी,
दोन लोखंडी कढया,
जुडा,
एक चरखा,
सफरचंदाच्या दारूचं पिंप, अर्धं.
ऑडेलांनी वाचलं. परत वाचलं.
घोडीला किती लावलेत?
मी सांगितलं.
आणि हिला?
तेही सांगितलं.
दोन्ही आकडे त्यांनी वहीत उतरवले, एकाखाली एक,
वजाबाकी करायला मांडावेत तसे,
पण रेघ ओढली नाही.

जमीन कुठे होती? त्यांनी विचारलं.
मी खरेदीखताची चतुःसीमा वाचून दाखवली:
पांढऱ्या ओकापासून सुरुवात,
पूर्वेला चाळीस काठ्या, ओढ्याच्या वळणावर खुंटी,
तिथून लांडग्याच्या खड्ड्यापर्यंत,
तिथून माघारी त्याच ओकापाशी.

दोनला कुलूप लावून आम्ही गेलो.
ओकाच्या जागी टायरचं दुकान आहे.
ओढा आहे, पण सिमेंटच्या नळातून जातो.
एक काठी म्हणजे किती पावलं?
माझी साडेसहा, मी म्हणालो, तुमची सात धरा.
पर्स माझ्या हातात दिली,
आणि त्या पूर्वेला चालू लागल्या, मोठ्याने मोजत.
दुकानातला पोरगा पाना हातात घेऊन बघत राहिला.

ऑर्विलना नक्कल पाठवायची राहिली होती.
त्यांना फक्त पुढची बाजू हवी होती.
सोमवारी पाकीट टपालात टाकलं, दोन्ही बाजूंचं.
तिकीट जास्तीचं लागलं नाही.

पण ते नंतर. त्या दुपारी
मी पर्स घेऊन उभा होतो,
आणि रस्त्यापलीकडून आवाज येत होता,
एकशे अठरा, एकशे एकोणीस.